दादूसचं बिऱ्हाड: घरच्या टाकीत खेकडा पाळायचा तर

"गोड्या पाण्यातला आहे, माशांबरोबर मजेत राहतो, वेगळं काही करावं लागत नाही." तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने माझ्या मुलाच्या हातात लाल नांग्यांचा खेकडा असलेली पिशवी देताना हे एका दमात सांगितलं. यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण नंतर आणखी चार दुकानांत मी हेच ऐकलं. तो पहिला खेकडा आमच्या माशांच्या टाकीत पाच आठवडे जगला. रात्रंदिवस फिल्टरच्या नळीला लटकून पाण्याबाहेर डोकवायचा, आणि आम्ही म्हणायचो, बघा कसा खेळतोय.

तो खेळत नव्हता, बाहेर पडायची वाट शोधत होता. हे कळायला मला तो मरावा लागला. दुसरा खेकडा, म्हणजे आमचा दादूस, आता अडीच वर्षं आमच्याकडे आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, फ्रिज आणि शिलाई मशीनच्या मधल्या जागेत त्याची दोन फुटी टाकी आहे. नाव सासूबाईंनी ठेवलं. त्या अलिबागकडच्या, तिकडे दादूस म्हणजे दादा, आणि नांग्या वर करून अंगावर येणाऱ्या कुणालाही त्यांच्या लेखी दुसरं नाव शोभत नाही. "कालवणाला दोन घास व्हायचे नाहीत, त्याला एवढा थाट," असं त्या रोज म्हणतात, आणि रोज दुपारी त्यांच्या ताटातली कोळंबीची शेपटी त्याच्यासाठी बाजूला निघते.

आधी खेकडा कोणता ते बघा

मुंबईतल्या दुकानांत 'रेड क्लॉ' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा कांदळवनातला खेकडा असतो. शास्त्रीय नाव पॅरासेसार्मा बिडेन्स, पूर्वी पेरिसेसार्मा बिडेन्स म्हणत. पाठ जास्तीत जास्त चारपाच सेंटिमीटर रुंद, नांग्या लाल-केशरी. भरती-ओहोटीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांत राहणारा हा जीव. म्हणजे त्याला पाणी मचूळ लागतं आणि पाण्याबाहेर बसायला जागा लागते. गोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही, आणि तिथेच फसगत होते. काही आठवडे, कधी काही महिने काढतो. मग एक दिवस कात टाकताना जातो आणि आपण म्हणतो, आयुष्यच तेवढं. नीट ठेवला तर दोन-तीन वर्षं सहज काढतो.

एक नांगी भलीमोठी असलेला 'फिडलर' दिसला तर त्यालाही मचूळ पाणी आणि कोरडी जागा लागते, शिवाय उकरायला भरपूर वाळू. शंखात राहणारा 'हर्मिट' म्हणून मिळतो तो बहुधा जमिनीवरचा असतो. त्याला पाण्याची टाकी नको, ओलसर वाळू हवी आणि दोन वाट्या, एकीत गोडं पाणी, एकीत खारं. त्याचा संसार अगदीच वेगळा, इथे त्यात शिरत नाही. पावसाळ्यात बाजारात दोरीने बांधून येणारे मुठे मात्र पाळायला आणू नका. मुलं हट्ट करतात, मीही एकदा बळी पडले. मुठा हा बीळ करून राहणारा गडी, काचेत तो फक्त कोपरे खरवडतो.

आणि खाडीवर जाऊन पकडून आणायचा विचार तर मनातही नको. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून ठाण्याची खाडी दिसते, म्हणून शेजारच्या मुलांनी हे सुचवलं होतं. खाडीचा बराच भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, आणि कांदळवनं तर सगळीच संरक्षित. खेकडे त्यांच्या जागी बघायचे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात ओहोटीच्या वेळी जा. चिखलावर शेकडो नांग्या एकदम हलताना दिसतात. आपल्या टाकीत काय कमी आहे ते तिथे पाच मिनिटांत समजतं.

दुकानात निवडताना पाय मोजा. नांग्या धरून दहा. एखादा कमी असला तर हरकत नाही, पुढच्या दोन-तीन कातींत परत येतो. पण बोट काचेजवळ नेल्यावर जो नांग्या उचलत नाही तो घेऊ नका. नर-मादी ओळखायला खेकडा उलटा करून पोटावरची झडप बघायची: नराची निमुळती, मादीची रुंद, अर्धगोल. सासूबाई मासळीबाजारात गाबोळीसाठी हेच बघतात. दोन फुटी टाकीत नर एकच ठेवा. दोन नर म्हणजे पहिल्या महिन्यात एकाचे पाय कमी आणि दुसऱ्या महिन्यात एक खेकडा कमी. पिल्लांची आशाही सोडा. मादी अंडी पोटाशी घेऊन फिरेल, पण यांची पिल्लं समुद्रात तरंगत मोठी होतात, घरच्या टाकीत जगत नाहीत.

टाकी, पाणी आणि मीठ

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. पाणी फक्त सहा इंच. त्यापेक्षा जास्त भरलं तर चढून पळायला सोपं, आणि कोरड्या जागेला उंची उरत नाही. तळाला धुतलेली बारीक वाळू, दीड-दोन इंच. चौपाटीवरची वाळू आणू नका, तिच्यात काय काय मुरलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. एका बाजूला मोठे दगड रचून एक-तृतीयांश जागा पाण्यावर येईल असं करा. दगड तळाच्या काचेवर टेकवून मग भोवती वाळू घाला. वाळूवर दगड ठेवलात तर हा खालून उकरणार आणि दगड त्याच्याच पाठीवर बसणार. लपायला प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले, फुटक्या कुंडीचा अर्धा भाग उलटा ठेवला. दिसायला सुंदर नाही, पण दादूसला तेच आवडतं. खेकडे जितके, त्याच्या दुप्पट लपायच्या जागा हव्यात.

सजावटीसाठी प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले तर नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. पाण्यात चुना राहावा म्हणून मी कालवांच्या शिंपल्या उकळून, घासून टाकते. त्या घरात फुकट मिळतात.

आता मीठ. स्वयंपाकघरातलं चालत नाही. त्यात सोडियम क्लोराइडच्या पलीकडे फारसं काही नसतं, आणि खेकड्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच लागतं. ॲक्वेरियमच्या दुकानात 'मरीन सॉल्ट' मिळतं ते घ्या. पुरतं समुद्राचं पाणी करायला लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास लागतं. आपल्याला मचूळ हवंय, म्हणून मी लिटरला 8 ग्रॅम घेते, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला 80 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजायचं, बादलीत विरघळवायचं, एक दिवस ठेवायचं आणि मग हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याची घनता मोजायच्या साधनावर, 1.005 च्या आसपास आलंय का बघायचं. हायड्रोमीटरच्या काट्याला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून उडवा, नाहीतर आकडा खोटा येतो. मीठ थेट टाकीत कधीही टाकायचं नाही.

यात सगळेजण जी चूक करतात ती मीही केली. पाणी उडून पातळी उतरली की भर घालताना मिठाचं पाणी घातलं. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. दोन महिन्यांत माझा आकडा 1.012 वर गेला होता. काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून पातळीची खूण करा. त्या खुणेपर्यंतची भर गोड्या पाण्याने. पाणी काढून बदलाल तेव्हाच मिठाचं.

पालिकेचं पाणी तलावांतून येतं, मऊ असतं, त्यात क्लोरीन असतं. पिंप उघडं ठेवून चोवीस तास मुरू दिलं किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकले की काम होतं. पावसाळ्यात नळाला वास जास्त येतो तेव्हा मी दोन्ही करते. आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नाही: आमच्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात असतं. सासूबाईंनी एकदा मदत म्हणून त्यातलं तांब्याभर टाकीत ओतायला घेतलं, मी धावत जाऊन हात धरला. खेकड्याच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं, रक्त निळसर त्यामुळेच दिसतं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याचीच असतात. त्यामुळे माशांचं कुठलंही औषध या टाकीत जाऊ देऊ नका.

फिल्टर साधा स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा. टाकी भरल्यावर लगेच खेकडा आणू नका. चार ते सहा आठवडे रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून टाकी नुसती चालू ठेवायची. सडणाऱ्या खाण्यातून अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू स्पंजमध्ये वसायला एवढा वेळ लागतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यातून पुढे होणारं नायट्राइट दोन्ही शून्य आले की खेकडा आणा. त्यानंतर दर आठवड्याला पावभाग पाणी बदलणं पुरतं.

झाकण घट्ट हवं. हा मुद्दा मी मोठ्या अक्षरांत लिहिला असता. दादूस हवेच्या नळीवरून चढून, नळीच्या भोकात कोंबलेला स्पंज नांगीने उपटून दोनदा पळाला. एकदा शिलाई मशीनच्या पायडलखाली सापडला. दुसऱ्यांदा फ्रिजमागे, अंगभर जाळी-धूळ, तोंडाला फेस. पाण्याबाहेर असताना कल्ल्यांत साठवलेलं पाणी तो परत परत फिरवतो, त्यात हवा मिसळून फेस येतो. थोडा वेळ आला तर घाबरू नका. फार वेळ येत राहिला तर कल्ले सुकत चालले. तेव्हा लगेच पाण्यात बुडवायचं नाही. टाकीतल्याच पाण्याने धूळ धुतली आणि उथळ डब्यात बोटभर पाण्यात ठेवला, संध्याकाळपर्यंत स्वारी पुन्हा नांग्या दाखवायला लागली. आता भोकाला प्लास्टिकची कडक जाळी आणि झाकणावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा आहे. मिक्सर आल्यापासून तो रिकामाच होता.

खाणं

कांदळवनात हे बहुतांशी गळलेली पानं खातात, म्हणून रोज मांस घालू नका. मुंबईत यावर सोपा उपाय आहे: देशी बदाम. प्रत्येक सोसायटीत एखादं झाड असतंच. आपोआप गळलेलं, तपकिरी झालेलं पान उचलायचं, धुवायचं, वाळवायचं, टाकीत सोडायचं. पाणी चहासारखं होतं, होऊ द्या. आठवड्याभरात पानाच्या नुसत्या शिरा उरतात. हिरवं पान नको, आणि ज्या झाडाखाली नुकतीच फवारणी झाली त्याचंही नको.

याशिवाय एक दिवसाआड काहीतरी: वाफवलेला वाटाणा, पालकाचं पान, गाजराची चकती. आठवड्यातून दोनदा सुका जवळा. जवळा आधी भिजवून, वाळू खाली बसू देऊन घ्या. सालासकट असल्यामुळे खेकड्याला तो चांगला. ताजी कोळंबी बोटाच्या पेराएवढी, मीठ-हळद लावायच्या आधीची. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या अंगातलं पांढरं कवच, मिळतो, तो तुकडा टाकीत कायम पडून असू द्या, कॅल्शियम त्यातून जातं. उरलेलं खाणं सकाळी चिमट्याने काढा. उन्हाळ्यात बारा तासांत वास मारतं.

मासे सोबत ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा, पण त्यांना त्याच्या जेवणाच्या यादीत धरा. दादूस दिवसा पुतळा असतो. रात्री झोपलेला मासा तळाशी आला की सकाळी शेपटी सापडते.

कात

बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. बहुतेक पाळीव खेकडे जातात ते कात टाकताना, किंवा कात टाकल्यावर मालकाच्या घाईने.

दादूस आणल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तो पाण्यात आडवा पडलेला दिसला. पाय पसरलेले, डोळे जागच्या जागी, हालचाल नाही. मुलगा रडायला लागला. मी चमच्याने त्याला बाहेर काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी हात पुढे केला, तळहातावर घेऊन एकदा वर-खाली तोललं, आणि म्हणाल्या, "अगो, पोकळ आहे हे. आतला गेला निघून." आम्ही पाइपमध्ये टॉर्च मारला. आत फिकट गुलाबी, पहिल्यापेक्षा मोठा दादूस भिंतीला चिकटून बसला होता.

चिंबोरी घेताना त्या अशीच तोलून घेतात. पोकळ लागली म्हणजे नुकती कात टाकलेली, कवच मोठं झालंय, आत मांस अजून भरायचंय. पुनवेला पोकळ आणि अवसेला भरलेली, असा त्यांचा हिशेब आहे. दादूसच्या कातींच्या तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, तो तिथी पाळत नाही. पण तोलून बघायची युक्ती घ्या. कात हलकी असते, मागच्या बाजूला, पाठ आणि पोटाच्या मधे फट उघडी असते, आणि वास येत नाही. मेलेला खेकडा जड लागतो, आणि तासा-दोन तासांत नाकाला कळतं.

त्यानंतरची एक कात मी डोळ्यांनी बघितली. रात्रीचे साडेबारा, पाणी प्यायला उठले होते. पॅसेजच्या दिव्याचा तिरपा उजेड कुंडीच्या तुकड्याखाली जात होता. दादूसच्या पाठीमागची शिवण उसवलेली, आणि त्यातून काहीतरी ओलं, लिबलिबीत मागे सरकत होतं. अंगाला चिकटलेला ओला सदरा काढावा तसा तो एकेक पाय ओढून काढत होता. थांबायचा, फुगायचा, पुन्हा ओढायचा. नांग्या सर्वांत शेवटी. एवढी मोठी नांगी त्या बारीक सांध्यातून कशी निघते ते बघून माझाच श्वास अडकला. अर्ध्या तासाने एकाच कुंडीखाली दोन खेकडे होते, एक रिकामा आणि एक मऊ. डोळ्यांवरचं, कल्ल्यांवरचं अस्तरसुद्धा जुन्या कवचाबरोबर निघून येतं, हे सकाळी भिंगातून दिसलं.

कात जवळ आली की तो खाणं सोडतो, रंग मळकट होतो, एका कोपऱ्यात बसून राहतो. हे दिसलं की टाकीवर फडकं टाका. पाणी बदलू नका, दगड हलवू नका. दुसरा खेकडा असेल तर त्यालाच दुसऱ्या डब्यात हलवा, कात टाकणाऱ्याला नाही. मऊ अंगाचा खेकडा दुसऱ्याच्या दृष्टीने आयतं जेवण असतं. आणि टाकलेली कात काढू नका. मी त्या दिवशी वर्तमानपत्रातून सोडवून परत टाकीत ठेवली, चार दिवसांत त्याने ती खाऊन संपवली. त्यातला चुना त्याला नव्या कवचाला लागतो. आठवडाभर तो दिसला नाही तरी शोधायला जाऊ नका.

धूर, ऊन

पावसाळ्यात बिल्डिंगमध्ये डासांसाठी धूर करतात. ते औषध कीटकांसाठी असलं तरी खेकडा त्यांचाच लांबचा नातेवाईक, त्याला ते फार लवकर बाधतं. आणि हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. गाडीचा आवाज आला की मी खिडक्या लावते, पंप बंद करते, टाकीवर ओला टॉवेल टाकते. तासाभराने खोली हवेशीर झाली की पुन्हा चालू. डासांची लिक्विडची मशीनही त्या खोलीत लावत नाही, आम्ही मच्छरदाणीत झोपतो.

हीटर मुंबईत लागत नाही, 24 ते 28 अंश हवं आणि घरात बहुतेक वर्षभर तेवढं असतं. मे महिन्यात आमच्याकडे पाणी 31 वर जातं. तेव्हा झाकणाच्या जाळीवर छोटा पंखा लावते, तीन-चार अंश उतरतं, अर्थात पाणी जास्त उडतं आणि गोड्या पाण्याची भर रोज घालावी लागते. बर्फ टाकू नका.

गणपतीला आम्ही आठ दिवस अलिबागला जातो. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते आणि फ्रिजवर हा कागद: "भर पिंपातल्या पाण्याची, खुणेपर्यंत, एक दिवसाआड. वाटाणे डब्यात आहेत, दोन दिवसांतून एक, जास्त नाही. बदामाची पानं आत आहेत, भूक लागली तर ती खाईल. मोदक देऊ नये. वरवंटा जागेवर आहे ना बघावं. मेलेला दिसला तर फेकू नये, आधी आईंना फोन करावा, त्या तोलायला कसं ते सांगतील."